बाकावरची रिकामी जागा

आमच्या मंडळीत उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशेजारी, एक मावशी बसत. गीत सुरू झाले की पुस्तक न उघडता शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणत. एका रविवारी त्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही आल्या नाहीत. "लेकीकडे गेल्या असतील," असे कुणीतरी म्हणाले आणि बाकीच्यांनी मान डोलावली. चौथ्या रविवारनंतर त्यांच्या शेजारच्या मुसलमान ताई पाळकसाहेबांच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मावशी मोरीत पडल्या. पायाला प्लास्टर आहे. दोन वेळचे मी देते, पण तुमच्यापैकी कुणी आले तर त्यांना बरे वाटेल."

हे ऐकून मान खाली गेली. चार रविवार आम्ही त्या रिकाम्या जागेसमोर बसून प्रीतीवरचे उपदेश ऐकले होते. आमच्यात कुणाचे मन कठोर नव्हते. कळल्यावर त्याच दिवशी दहा जण धावून गेले. पण कळायला महिना लागला, कारण कोण आले आणि कोण नाही हे पाहण्याचे काम मंडळीत कुणाकडेच दिलेले नव्हते. तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. मदत करायची इच्छा बहुतेक मंडळ्यांत असते. कमी पडते ती नजर. आणि नजर ही सवयीने आणि व्यवस्थेने घडवता येते.

मंडळीतली पहिली तक्रार

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत उठलेली ही तक्रार रोजच्या अन्नवाटपाची होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे त्या वाटपात दुर्लक्ष होत होते. कुणी ठरवून त्यांना वगळल्याचे तिथे लिहिलेले नाही. त्या नजरेतून सुटल्या होत्या. त्यांची भाषा वेगळी होती आणि वाटप करणाऱ्यांशी त्यांची फारशी ओळख नसावी.

प्रेषितांनी ही तक्रार कुरकुर म्हणून झटकली नाही. सात जण निवडायला सांगितले आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. स्तेफन, फिलिप आणि त्यांचे पाच सोबती, सगळ्यांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा सुटल्या होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. यातून आपल्यासाठी दोन धडे निघतात. गरजवंतांकडे पाहणे हे नेमून देण्याचे काम आहे आणि ते प्रार्थनापूर्वक नेमायचे काम आहे. दुसरे म्हणजे जो गट नेहमी नजरेआड राहतो, त्यातलाच माणूस या कामात हवा. आपल्या समितीत सगळे जुन्या घरांतले आणि पक्क्या नोकरीतले असतील, तर भाड्याच्या खोलीत राहणारे, नव्याने गावात आलेले किंवा घरकाम करणारे कुटुंब त्यांना दिसणार कसे?

झाकली मूठ ओळखायची कशी

आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अडचणीतले घर ही मूठ शेवटपर्यंत झाकून ठेवते. ज्याने काल दशांश दिला, त्याला आज हात पसरायला जमत नाही. म्हणून तोंडाने मागण्याची वाट न पाहता खुणा वाचायला शिकले पाहिजे. यापैकी कोणतीही एक खूण पुरावा नव्हे. ती फक्त दार ठोठावायला पुरेसे कारण आहे.

• सलग दोन रविवार जागा रिकामी असणे. तिसऱ्याची वाट पाहू नका.
• नेहमी पुढे बसणारे कुटुंब मागे बसू लागणे आणि आशीर्वाद होताच, कुणाशी न बोलता निघून जाणे.
• शिबिराला किंवा सहलीला मुलांना न पाठवणे. "अभ्यास आहे" या उत्तरामागे कित्येकदा फी असते.
• प्रीतिभोजनाला डबा आणणाऱ्या बाईने कारण काढून यायचेच टाळणे.
• गळ्यातले सोने जाऊन काळे मणी उरणे, दुचाकी दिसेनाशी होणे, फोनचे रिचार्ज संपलेले असणे.
• आजारी माणसाच्या गोळ्या एक दिवसाआड चालू असणे.
• नाताळात फराळाचे ताट घेऊन येणाऱ्या घराचे दार त्या वर्षी बंद असणे.

काही घरांकडे कोणतीही खूण न दिसता जायलाच हवे. नुकताच ज्या घरात मृत्यू झाला आहे ते घर. अंत्यविधीला गर्दी असते. खरा एकटेपणा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येतो. ज्यांची मुले परदेशी किंवा पुण्या-मुंबईला आहेत ते वृद्ध. नोकरी सुटलेला चाळिशीतला माणूस. विशेष मूल असलेले आईवडील. हंगामी कामासाठी स्थलांतर करणारी कुटुंबे आणि मागे राहिलेली त्यांची म्हातारी माणसे. आणि एक घर हमखास विसरले जाते ते म्हणजे पाळकांचे. सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या पाळकांना तीन महिने मानधन मिळाले आहे का, त्यांच्या मुलांची फी भरली आहे का, हे कुणी विचारायचे?

गरज पैशाचीच असते असेही नाही. दारूचे व्यसन, घरात होणारी मारहाण, मनाची मरगळ, परीक्षेत नापास झालेल्या मुलाची भीती या गोष्टी पाकिटातल्या मदतीने सुटत नाहीत. मन खचलेल्या माणसासाठी १४४१६ ही सरकारची 'टेलिमानस' सेवा मोफत आहे. हा क्रमांक मंडळीच्या सूचना फलकावर कायम लावून ठेवा. कुणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर "प्रार्थना करतो" एवढे म्हणून परतू नका. त्या व्यक्तीसोबत थांबा, घरच्यांना कळवा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

घरी जाताना

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मोजके मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. संत विन्सेंट डी पॉल यांचे नाव घेऊन त्यांनी सुरू केलेली संस्था आज जगभर आणि आपल्याकडच्या अनेक कॅथोलिक धर्मग्रामांतही काम करते. घरी जाऊन भेटणे हा तिच्या कामाचा कणा आहे. गरजवंताने कार्यालयात येऊन अर्ज करावा आणि आपण खुर्चीत बसून तो तपासावा, अशी तिची रीत नाही. आपणच त्याच्या उंबरठ्यावर जायचे.

पंडिता रमाबाईंनीही वाट पाहिली नाही. दुष्काळ त्यांनी भोगलेला होता. आई, वडील आणि बहीण त्यात गेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. ज्याने सोसले आहे त्याची नजर लवकर पोहोचते. तुमच्या मंडळीत दु:खातून गेलेली जी माणसे आहेत, त्यांना या सेवेत आधी बोलवा.

भेटीला दोघांनी जावे. घरात एकटी स्त्री असेल तर दोघांत एक स्त्री असावी. जाण्याआधी फोन करावा आणि जेवणाची वेळ टाळावी. नाहीतर ज्या घरात पीठ नाही, त्या घराला पाहुणचाराची चिंता पडते. पहिल्या भेटीत वही-पेन काढू नये, घरातल्या वस्तू डोळ्यांनी मोजू नयेत. "काही लागले तर सांगा" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, पण ते ऐकून कुणी सांगत नाही. त्याऐवजी नेमके विचारा. "उद्या दवाखान्यात कोण घेऊन जाणार आहे?" "या महिन्याच्या औषधांचे काय झाले?" "धाकटीची वह्या-पुस्तके झाली का?" नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते आणि समोरच्याचा मानही राहतो.

ऐकून घेण्यावर भर द्या. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प त्याच्याजवळ बसले, तोवर त्यांचे चुकले नव्हते. चुकले ते तोंड उघडून त्याच्या दु:खाची कारणे सांगू लागल्यावर. "विश्वास कमी पडला," "घरात पाप असेल," "देव परीक्षा पाहतो आहे" ही वाक्ये आजारी माणसाच्या उशाशी बोलू नका.

मदत एका दिवसात संपवू नका

१६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या शातिलाँ या गावी विन्सेंट डी पॉल धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरातली सगळी माणसे आजारी आहेत, असे उपासनेच्या आधी त्यांना कळले. उपदेशात त्यांनी ते सांगितले. दुपारी ते स्वतः निघाले तेव्हा रस्त्यावर माणसांची रीघ होती. प्रत्येकजण काहीतरी घेऊन गेला होता. विन्सेंट यांच्या लक्षात आले की आज आलेले एवढे अन्न खराब होणार आणि काही दिवसांनी हे घर पुन्हा उपाशी राहणार. प्रेम भरपूर होते, त्याला क्रम नव्हता. काही दिवसांतच त्यांनी गावातल्या स्त्रियांना एकत्र करून पाळ्या लावल्या. त्या गटासाठी केलेल्या नियमांत एक फार सुंदर सूचना आहे. ज्यांच्याजवळ कुणी आहे त्या रुग्णांपासून सुरुवात करावी आणि एकट्या रुग्णाकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येईल.

चारशे वर्षांपूर्वीचा हा धडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. कुणी आजारी पडले की पहिल्या आठवड्यात फळांच्या पिशव्यांची रांग लागते आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. म्हणून मदतीचा तक्ता करा. सोमवारी जेवणाचा डबा कुणाचा, बुधवारी दवाखान्यात सोबत कोण, शनिवारी मुलांना शिकवायला कोण, हे लिहून ठरवा. तरुण संघाकडे धावपळ द्या, महिला मंडळाकडे डबे, निवृत्त माणसांकडे कागदपत्रे. तक्ता किमान तीन महिन्यांचा असावा आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी पुन्हा पाहावा.

मोठ्या मंडळीत घरांचे गट पाडा. दहा घरांमागे दोन माणसे नेमा, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. त्यांनी आपल्या दहा घरांशी महिन्यातून एकदा बोलायचे आणि रविवारी उपासना संपल्यावर पाच मिनिटे एकत्र येऊन इतकेच सांगायचे की कोण दिसले नाही. या पाच मिनिटांना खर्च लागत नाही. आमच्या मावशींसाठी ही पाच मिनिटे असती, तर महिना गेला नसता.

पैसा आणि विश्वास

मदतनिधी वेगळा ठेवा. करिंथच्या मंडळीला पौलाने सांगितले होते की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी गोळा करायची धावपळ होणार नाही. मिझोरामच्या घरोघरी आजही स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. १९१० साली सुरू झालेल्या या रिवाजातून तिथे मोठी कामे उभी राहिली. मूठभर देणे गरिबालाही जमते. देणारा आणि घेणारा असे मंडळीचे दोन भाग पडू नयेत यासाठी हे महत्त्वाचे आहे.

यरुशलेमेसाठी गोळा केलेला पैसा पौलाने एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. आपणही तेच करावे. बँकेत स्वतंत्र खाते, दोन सह्या, खर्चाची वही, वर्षातून एकदा तपासणी. वार्षिक सभेत एकूण रक्कम आणि कुटुंबांची संख्या सांगा, नावे मात्र सांगू नका. फी शाळेत भरा, औषधाचे बिल दुकानात द्या, भाडे घरमालकाला द्या. रोख रक्कम द्यावी लागली तर ती पाकिटात द्या आणि देताना चारचौघे नसावेत.

देणगी आणि उसने यांची गल्लत करू नका. देताना ठरवा आणि समोरच्याला स्पष्ट सांगा. उसने म्हणून दिलेले आणि मनात धरलेले पैसे मंडळीतली नाती तोडतात. धंद्यासाठी किंवा लग्नासाठी कर्ज हवे असेल तर पतसंस्थेची वाट दाखवा. वसईत १९१८ साली कॅथोलिक समाजाने स्वतःची सहकारी पतपेढी उभारली. आज ती बॅसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. सावकाराच्या दारातून माणसाला परत आणणे हीही सेवाच आहे.

घरच्यांची जबाबदारी मंडळीने आपल्या अंगावर घेऊ नये, हेही वचनातच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सांगतो की विधवेची मुले-नातवंडे असतील तर आधी त्यांनी तिचे पाहावे, म्हणजे जी खरोखर एकटी आहे तिला मंडळी पुरी पडेल. कर्त्या मुलाशी प्रेमाने पण स्पष्ट बोलण्याचे धैर्य पाळकांनी आणि वडीलजनांनी दाखवले पाहिजे.

हक्काचे ते मिळवून द्या

मंडळीचा निधी थोडा असतो. पण पुष्कळ कुटुंबांना जे सरकारकडून मिळायला हवे तेच मिळालेले नसते, कारण अर्ज कुणी भरून दिलेला नसतो. प्रत्येक मंडळीत कागदपत्रांचे जाणकार दोघे-तिघे असावेत. त्यांनी पुढील गोष्टींची माहिती ताजी ठेवावी.

• निराधार, विधवा, परित्यक्ता, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, तर ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना. दोन्हींसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि विधवेच्या बाबतीत पतीचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा.
• दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातली १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती वारली तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. दु:खाच्या दिवसांत हे कुणाला आठवत नाही. आठवण करून देणे आपले काम.
• शस्त्रक्रिया किंवा मोठा उपचार असेल तर पैसे भरण्याआधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात त्यासाठी 'आरोग्यमित्र' बसलेले असतात.
• महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात आधी जा.

म्हाताऱ्या माणसाबरोबर तहसीलच्या रांगेत अर्धा दिवस उभे राहणे ही कुठल्याही गीतगायनाइतकी खरी उपासना आहे, असे मी मानतो.

ज्याने मदत लाजिरवाणी होते

डाव्या हाताला उजव्या हाताचे कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे. धान्याची पिशवी देतानाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला की ती शिकवण तिथेच मोडते. त्या घरातली मुले दुसऱ्या दिवशी रविवारच्या शाळेत मान वर करून बसू शकत नाहीत.

याहून सूक्ष्म दोष प्रार्थनेच्या विषयांत शिरतो. "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, नवऱ्याचे पिणे वाढले आहे" असे सांगितले की प्रार्थना होते आणि बातमीही पसरते. ज्यांचे दु:ख आहे त्यांची परवानगी घेतल्याशिवाय ते कुणापुढे मांडू नका. "एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या" एवढे पुरे. देवाला नाव माहीत आहे.

वापरून विटलेले कपडे आणि मुदत संपत आलेली औषधे देऊ नका. यापो येथील टबीथेची आठवण ठेवा. तिच्या मरणानंतर विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने स्वतः शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत होत्या. तिने त्यांना आपल्या हातचे दिले होते.

आणि आपल्या मंडळीपुरते पाहून थांबू नका. गलतीकरांना लिहिताना पौल सर्वांचे भले करायला सांगतो आणि विश्वासाच्या घराण्याचा खास उल्लेख करतो. आपले घर आधी येते म्हणून शेजाऱ्याचे दार बंद होत नाही. आमच्या मावशींना महिनाभर जेवू घालणाऱ्या ताईंनी धर्म विचारला नव्हता. प्रभूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसानेही विचारला नव्हता.

जे अडचणीत आहेत त्यांना

हा लेख वाचणाऱ्यांत कुणी असेही असतील, ज्यांच्या घरी या महिन्याचे गणित जुळलेले नाही. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की सांगण्यात लाज नाही. तुम्ही न सांगितल्याने मंडळीचाही तोटा होतो, कारण एकमेकांचा भार उचलण्याची संधी तिला मिळत नाही. पाळकांना किंवा ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका व्यक्तीला आज सांगा. उद्या तुमचे दिवस फिरले की तुम्हीच सगळ्यात आधी दुसऱ्याचे ओळखाल.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगेच चपला घालू नका. मागे वळून बाकांकडे पाहा. कोण आले नाही ते आठवा, त्यातले एक नाव निवडा आणि संध्याकाळपर्यंत त्या घरी जा. सोबत कुणाला तरी घ्या. मावशींच्या दारात आम्ही पोहोचलो तेव्हा त्या कुणावर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला वाटले, तुम्ही विसरलात." आपल्या मंडळीत कुणालाही असे वाटू देऊ नका.